कोठाराच्या भिंतीतली रोकची शिळा

स्वीडनमध्ये वेटर्न सरोवराच्या पूर्वेला, ओस्टरयॉटलंड प्रांतात रोक हे लहानसे गाव आहे. तेथील चर्चजवळची फिकट करड्या ग्रॅनाइटची शिळा नवव्या शतकाच्या आरंभीची मानली जाते. जमिनीवर ती सुमारे अडीच मीटर उंच आहे, वजन अंदाजे पाच टन. पुढची-मागची बाजू, दोन्ही कडा आणि माथा मिळून तिच्यावर सुमारे ७६० रून अक्षरे कोरलेली आहेत. दगडावरचा याहून मोठा रून लेख माहीत नाही. गावाचे नावही या शिळेवरूनच पडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

एवढी ही शिळा कित्येक शतके एका भिंतीत चिणलेली होती. १२व्या शतकात येथे दगडी चर्च उभे राहिले. शेतकरी पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देत; तो ठेवण्यासाठी चर्चला लागूनच कोठार होते आणि त्याच्या बांधकामात ही शिळा वापरली गेली. ख्रिस्ती लोकांनी मूर्तिपूजकांचा लेख मुद्दाम गाडला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण स्वीडनमध्ये क्रूस कोरलेल्या, उघडउघड ख्रिस्ती शिळाही चर्चच्या भिंतींत सापडतात. मोठा, सपाट दगड आयता मिळत असेल तर गवंडी नवा कशाला फोडेल? हे साधे कारण अधिक पटते.

१७व्या शतकात पुरातत्त्वज्ञ योहानेस ब्युरेउस यांच्या काळी लेखाची नोंद झाली, ती भिंतीबाहेर दिसणाऱ्या बाजूपुरतीच. १८४३ मध्ये जुने चर्च आणि कोठार पाडताना इतर बाजूंवरची अक्षरे उजेडात आली. गंमत अशी, की त्यानंतरही शिळा नव्या चर्चच्या देवडीच्या भिंतीत पुन्हा बसवली गेली! ती बाहेर निघाली १८६२ मध्ये. आजच्या जागी ती १९३३ पासून आहे आणि आता तिच्यावर छप्पर घातलेले आहे.

लेखाचा सविस्तर अर्थ लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न नॉर्वेचे सोफुस बुग्गे यांनी १८७८ मध्ये केला. वारिन नावाच्या बापाने वामोद या मृत मुलासाठी ही अक्षरे लिहिली, एवढे सुरुवातीच्या ओळींतून कळते. पुढचा मजकूर मात्र कोड्यांचा आहे. काही भाग त्या काळी मागे पडलेल्या जुन्या २४ अक्षरांच्या रून लिपीत, तर काही अक्षरे पुढे सरकवून केलेल्या सांकेतिक लिपीत आहे. बऱ्याच अभ्यासकांना त्यात गॉथ राजा थिओडोरिक दिसतो. २०२० मध्ये स्वीडिश संशोधकांच्या एका गटाने मात्र वेगळे मत मांडले: इ. स. ५३६ नंतरच्या भीषण थंडीची आठवण आणि तसा हिवाळा पुन्हा येण्याची धास्ती या लेखामागे आहे. लेख कोणत्या बाजूपासून कोणत्या क्रमाने वाचायचा, यावरही अजून एकमत झालेले नाही.