एका जबड्याची साक्ष

वाचकहो, आपल्या हनुवटीच्या मधोमध बोट ठेवून पाहा. तेथे सांधा लागतो काय? लागत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सामान्यतः २०६ हाडे असतात. त्यांपैकी खालचा जबडा हे एकच सलग हाड आहे. दोन्ही कानांपुढील सांध्यांवर ते हालते; कानशिलाचे व गालाचे बळकट स्नायू ते वर ओढतात, म्हणून आपण घास चावू शकतो. गोष्ट इतकी साधी. परंतु वैद्यकाच्या ग्रंथांत एक हजाराहून अधिक वर्षे याच्या उलट लिहिलेले होते.

दुसऱ्या शतकातील थोर ग्रीक वैद्य गॅलेन, ज्याला युनानी हकीम जालिनूस म्हणतात, त्याने खालचा जबडा हनुवटीपाशी जुळलेल्या दोन हाडांचा सांगितला होता. त्याने विच्छेदन केले ते मुख्यतः माकडांचे व इतर प्राण्यांचे. त्याचा अधिकार एवढा मोठा, की पुढील पिढ्यांनी त्याचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारले.

इ. स. ११६२ मध्ये बगदाद येथे जन्मलेले अब्दुल लतीफ अल-बगदादी हे कैरोत वैद्यक शिकवीत असताना नाईलला पुरेसा पूर आला नाही आणि १२०० ते १२०२ या काळात इजिप्तवर भयंकर दुष्काळ कोसळला. माणसे रस्तोरस्ती मेली. त्यांना पुरायलाही कोणी उरले नाही. त्यांचे विद्यार्थी त्या वेळी जालिनूसचा शरीररचनेवरील ग्रंथ अभ्यासत होते. पण नुसत्या शब्दांनी हाडांची रचना ध्यानात येईना. कैरोजवळ अल-मक्स येथे सांगाड्यांची टेकडी झाली आहे असे कळले, तेव्हा गुरुशिष्य तेथे गेले. अब्दुल लतीफ यांच्या अंदाजाने तेथे वीस हजारांहून अधिक प्रेते होती.

दोन हजारांहून अधिक कवट्या त्यांनी तपासल्या. प्रत्येकीचा खालचा जबडा एकसंध! आपली नजर चुकत असेल म्हणून त्यांनी इतरांकडूनही पाहणी करविली. जुन्या दफनभूमीतील हाडेही पाहिली. मग त्यांनी लिहिले, की जालिनूस कितीही काटेकोर असला तरी डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दाहून अधिक विश्वसनीय आहे.

आज आपण जाणतो, की कुत्र्यासारख्या प्राण्यांत जबड्याचे दोन भाग वेगळे राहतात. मानवी अर्भकातही जन्मतः ते दोन असतात व पहिल्या वर्षात जुळून एक होतात.

अब्दुल लतीफ यांचे हे निरीक्षण मात्र दूरवर पोहोचले नाही. युरोपात १५४३ साली व्हेसॅलियसने हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली; अब्दुल लतीफ यांचा अरबी ग्रंथ लॅटिन भाषांतरासह ऑक्सफर्ड येथे छापला गेला तो १८०० साली.

गुरूचा आदर राखूनही त्याचे वचन पडताळता येते, हा या कथेचा बोध. पण आणखी एक गोष्ट विसरू नये. हे ज्ञान ज्यांच्या हाडांनी दिले ती माणसे अन्नावाचून मेली होती. चावण्यासाठी घडलेल्या त्या जबड्यांना अखेरीस घासही मिळाला नव्हता. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांचे ऋण मात्र प्रत्येक वैद्यावर आहे.