‘सिद्ध झालेले नाही’ म्हणजे काय?

१९१८ च्या फ्लूच्या साथीला मराठीत ‘मानमोडी’ म्हणत. तरणीताठी माणसे तिने अधिक नेली आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या. गरोदर बायकांचे काय झाले, याची एक मोठी मोजदाद अमेरिकेतून आली. जॉन हॅरिस या डॉक्टरांनी १९१९ मध्ये साथीत सापडलेल्या १,३५० गरोदर स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या सुमारे २७ टक्के मरण पावल्या होत्या. न्यूमोनिया झालेल्यांत तर निम्म्याहून अधिक.

१९५७ च्या साथीत हेच पुन्हा दिसले. मिनेसोटा राज्यात फ्लूने गेलेल्या मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या गरोदर होत्या. तोवर लस आली होती. १९६० मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने वृद्ध आणि जुनाट आजाराच्या रुग्णांबरोबर गरोदर स्त्रियांनाही दरवर्षी लस द्यावी, असे सांगितले. कागदावर प्रश्न सुटला होता.

पण १९६१ च्या अखेरीस थॅलिडोमाइडचे प्रकरण उघडकीला आले. गरोदरपणातल्या मळमळीवर दिल्या जाणाऱ्या या औषधामुळे अनेक देशांत हजारो मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. त्यातून घ्यायचा धडा होता तो औषध नीट तपासण्याचा. घेतला गेला तो वेगळाच: गरोदर बाईला काही न देणे हेच सुरक्षित. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याची सूचना केली. ती १९९३ पर्यंत टिकली. चाचणी नाही म्हणून माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून वेष्टनातल्या पत्रकावर सावध वाक्य: गरोदरपणातील सुरक्षितता सिद्ध झालेली नाही, स्पष्ट गरज असेल तरच द्यावे.

अनुवादक म्हणून मला या वाक्यापाशी थांबावेसे वाटते. ते खोटे नाही. ते आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगते. पण पोटात मूल असलेली बाई ते वाचते तेव्हा ‘सिद्ध नाही’चा अर्थ ‘धोका आहे’ असाच होतो. डॉक्टर त्यावर गप्प राहिला, तर ती त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावते. लस न घेतल्याने काय होऊ शकते, हे पत्रक सांगत नाही.

अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने १९९७ मध्ये चौदाव्या आठवड्यानंतर आणि २००४ मध्ये गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात ही लस घ्यावी, असे म्हटले. तरी घेणाऱ्या थोड्याच राहिल्या. मग २००९ चा स्वाइन फ्लू आला. अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया सुमारे एक टक्का. त्या साथीच्या मृत्यूंत सुमारे पाच टक्के. त्या हंगामात जवळपास निम्म्या गरोदर स्त्रियांनी लस घेतली. पुढच्या पाहण्यांतून एक गोष्ट वारंवार दिसली: तपासणाऱ्या डॉक्टरने किंवा नर्सने स्वतः सांगितले आणि तिथेच लस देऊ केली, तर बहुतेक जणी घेतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. आईकडून मिळालेले संरक्षणच त्याच्या कामी येते, हेही कुणीतरी सांगावे लागते.

याचा पडताळा आपल्याकडेही मिळतो. आपल्या गावोगावच्या बायका धनुर्वाताचे इंजेक्शन घेतात. त्याला गरोदरपणाच्या कार्डावर रकाना आहे, ते देणारी नर्स ओळखीची आहे, आणि सासूनेही ते घेतलेले आहे. २०१५ मध्ये भारत माता व नवजात बाळांच्या धनुर्वातापासून मुक्त ठरला. त्याच वर्षी महाराष्ट्राने सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली. पण देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात ती नाही, त्यामुळे इतरत्र ती घ्यायची की नाही, हे प्रत्येकीला एकटीने ठरवावे लागते. अशा बाईला आपण ‘घाबरट’ किंवा ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो. तिच्यापर्यंत नेमके कोणते वाक्य पोहोचले आणि ते कुणी सांगितले, हे आधी विचारायला हवे.