जुन्या इमारतींचा पुनर्वापर म्हणजे काय? सेमाडोहच्या जंगलात त्याचे नियम वेगळे का?

एखाद्या ऐतिहासिक इमारतीचं मूळ काम संपलं, की ती पाडण्याऐवजी तिची रचना राखून तिला नवं काम देता येतं. यालाच इमारतीचा पुनर्वापर म्हणतात. वापरातल्या इमारतीचं गळकं छप्पर वेळेत दुरुस्त होतं. बंद इमारत मात्र ओल आणि वाळवीने हळूहळू ढासळते.

शहरात हे कसं होतं?

पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे पालिकेची कार्यालयं आली. मुंबईतल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. शहरात अशा इमारतींना रस्ता, वीज आणि येणारी माणसं आयती मिळतात.

मेळघाटात काय आहे?

सेमाडोह हे परतवाडा-धारणी रस्त्यावरचं, सिपना नदीकाठचं गाव. इंग्रजांच्या काळात दौऱ्यावरच्या वनअधिकाऱ्यांसाठी या जंगलात विश्रामगृहं उभी राहिली. सेमाडोहजवळच्या कोलकासच्या विश्रामगृहात आता पर्यटकही मुक्काम करतात.

पण इथे 'माणसं येणं' हीच अडचण ठरू शकते. मेळघाट हा १९७३-७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गाभा क्षेत्रात पर्यटनासाठी नवं बांधकाम करता येत नाही. त्यामुळे उभ्या असलेल्या इमारतींचं मोल वाढतं, आणि त्यांच्यावरचा ताणही.

रेल्वे स्थानकांचं काय?

याच व्याघ्र प्रकल्पातून अकोला-खंडवा मीटरगेज जात असे. वान रोड, धुळघाट ही त्यावरची स्थानकं. रुंदीकरणासाठी २०१७ मध्ये गाड्या थांबल्या. अकोला-अकोट ब्रॉडगेज झाली. पुढचा मार्ग मात्र वन्यजीवांसाठी जंगलाबाहेरून वळवण्याचं ठरलं. म्हणजे जुन्या स्थानकांचं मूळ काम परत येणार नाही.

तिथे हॉटेल काढलं, तर गाड्या, दिवे आणि कचरा जंगलात येईल आणि मार्ग वळवण्याचा हेतूच फसेल. वनरक्षकांची संरक्षण कुटी केली, तर मोजकी माणसं राहतील आणि इमारतही सांभाळली जाईल.

निर्णयाआधी विचारायचे प्रश्न

- नव्या वापराने वर्दळ किती वाढेल?
- पाणी आणि कचऱ्याची सोय काय?
- दुरुस्तीचा खर्च दरवर्षी कोण करणार?
- स्थानिक कोरकू कुटुंबांना काम मिळेल का?

उत्तरं समाधानकारक नसतील, तर इमारतीची नोंद करून जागा जंगलाला परत देणं हाही एक पर्याय आहे.