'सी' आणि 'यू' : शब्दकोशातील दोन अक्षरांचा इतिहास

१/
परकीय विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश उघडला की नामापुढे चौकटी कंसात एक अक्षर दिसते : 'सी' किंवा 'यू'. 'सी' म्हणजे मोजता येणारे नाम, 'यू' म्हणजे न मोजता येणारे. आपली नजर त्यावरून घसरून थेट अर्थाकडे जाते. ही अक्षरे मात्र लंडन वा ऑक्सफर्डच्या वाटेने नव्हे, टोकियोच्या वाटेने शब्दकोशात आली. त्यांची ही कथा. #धागा #इतिहास

२/
आधी अडचण समजून घेऊ. "माझे केस पांढरे झाले" याचे इंग्रजी करताना मराठी माणूस सहज 'माय हेअर्स' म्हणून जातो. "दोन सल्ले दिले" याचे 'टू ॲडव्हायसेस' होते, "एक माहिती हवी होती" याचे 'ॲन इन्फर्मेशन'. ऐकणारे हसतात, बोलणारा ओशाळतो आणि पुढच्या वेळी गप्प राहतो.

३/
वस्तुतः यात अज्ञान कमी आणि मातृभाषेवरील निष्ठा अधिक आहे. मराठीत केस अनेकवचनी आहेत, म्हणून ते 'पांढरे झाले'. इंग्रजी डोक्यावरच्या केसांना एकच राशी मानते. आमटीत सापडलेला केस मात्र 'अ हेअर'. वस्तू तीच, पाहण्याची रीत निराळी.

४/
ही रीत तर्काने चालते असेही नाही. आपण 'पोहे खाल्ले' म्हणतो, पण 'उपमा खाल्ला'. पोहे मोजून कोणी खात नाही, तरी अनेकवचन! इंग्रजीतही गहू म्हणजे 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी. मोजणी धान्यात नसते, भाषेत असते.

५/
आता आर्टिकलांकडे वळू. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाआधी 'से', 'सेओ', 'थॅत' अशी दर्शक रूपे येत : पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. आपल्या 'तो, ती, ते' यांसारखीच. पुढे लिंगभेद आणि विभक्तिप्रत्यय झिजत गेले, ही सारी रूपे एकवटली आणि उरले ते 'द'.

६/
'अ' आणि 'ॲन' यांचे मूळ 'आन', म्हणजे 'एक' ही संख्या. तिचे ठाशीव रूप 'वन' झाले, झिजलेले रूप 'ॲन' आणि 'अ'. आपल्या आजीच्या गोष्टीत हेच घडते : "एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या." पहिल्या उल्लेखाला 'एक', ओळख पटल्यावर 'त्या'.

७/
म्हणजे आर्टिकलामागची जाणीव मराठीला परकी नाही. परकी आहे ती सक्ती. "दारात माणूस उभा आहे" हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीत तो माणूस ओळखीचा की अनोळखी, हे सांगितल्यावाचून सुटका नाही. संस्कृत आणि लॅटिन या भाषांचे तर आर्टिकलावाचून काहीच अडले नाही.

८/
आणि गंमत अशी की खुद्द इंग्रजांनाही आर्टिकल नीट दिसत नव्हते! मध्ययुगीन इंग्रजीत स्वयंपाकघरातील आवरणवस्त्राला 'नॅप्रन' म्हणत. 'अ नॅप्रन' हे कानाला 'ॲन ॲप्रन' वाटले आणि 'न' कायमचा आर्टिकलाकडे गेला. 'ॲडर' या सापाच्या नावाचेही असेच झाले. जिभेत मुरलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

९/
अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी तिला नियमांत बांधण्याचा प्रयत्न केला. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये निघाले, लिंडली मरे यांचे १७९५ मध्ये. दोघांनीही शब्दांचे नऊ वर्ग मानले आणि आर्टिकलाला पहिले स्थान दिले. 'अ' अनिश्चित एकासाठी, 'द' निश्चितासाठी.

१०/
परंतु शिकणाऱ्याचा खरा प्रश्न निराळा होता : कोणत्या नामाला 'अ' मुळीच चालत नाही? सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात नामापुढे 'हे नाम आहे' एवढीच खूण असे. ज्यांच्यासाठी तो कोश होता, त्यांना यापुढचे सांगण्याची गरजच नव्हती. ते त्यांना पाळण्यातच मिळाले होते.

११/
हिंदुस्थानात ही उणीव जाणवत होती. येथील शाळांत दीर्घकाळ चाललेल्या नेसफील्ड यांच्या व्याकरणात नामांचे पाच प्रकार दिले होते. त्यांत पदार्थवाचक आणि भाववाचक हे दोन. पाणी, सोने यांच्याआधी 'अ' लावू नये, हा नियम त्यातून निघे. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. तिचा भर मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य बेतण्यावर होता.

१२/
पण पदार्थावरून नियम करायला गेले की 'फर्निचर' आडवे येते. खुर्ची मोजता येते, टेबल मोजता येते, कपाटही. तिन्ही मिळून झालेले 'फर्निचर' मात्र इंग्रजीत मोजता येत नाही. ते ना पाण्यासारखे द्रव, ना दयेसारखा भाव. अशा वेळी मास्तर "हा अपवाद, पाठ करा" म्हणत.

१३/
या गाठीला नेमके नाव देणाऱ्यांत अग्रणी होते ऑटो येस्पर्सन. ते डॅनिश, इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. १९२४ च्या आपल्या व्याकरणतत्त्वचर्चेत त्यांनी मोजता येणारे शब्द आणि राशिवाचक शब्द यांतील भेद मांडला. राशीत भौतिक पदार्थही आले आणि अमूर्त कल्पनाही. दोन जुने कप्पे एका तत्त्वाखाली आले.

१४/
तोवर टोकियोत दुसरी हालचाल सुरू झाली होती. जपानच्या शिक्षण खात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून हॅरल्ड पामर १९२२ मध्ये तेथे गेले आणि १९२३ मध्ये इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. वर्गात रोज काय अडते, याचा तेथे पद्धतशीर अभ्यास होऊ लागला.

१५/
जपानी भाषेत आर्टिकल नाही, नामाला अनेकवचनाची सक्तीही नाही. मोजायचे तर संख्येला वस्तूच्या आकाराप्रमाणे वेगळा शब्द जोडावा लागतो : पेन्सिलीसारख्या लांबट वस्तूंना 'होन', कागदासारख्या सपाट वस्तूंना 'माई'. आपण दूध जसे 'दोन पेले' म्हणून मोजतो, तसेच काहीसे तेथे पेन्सिलीचेही.

१६/
अशा विद्यार्थ्याला 'पदार्थवाचक नाम' ही व्याख्या कितीशी उपयोगी पडणार? त्याला शब्दागणिक उत्तर हवे होते : हा मोजायचा की नाही? पामर यांनी १९३८ मध्ये हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांचे व्याकरण प्रसिद्ध केले. शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो वाक्यात कसा वागतो हेही सांगायचे, ही त्यामागची दृष्टी होती.

१७/
पामर १९३६ मध्ये जपानहून परतले होते. त्यांचे काम पुढे नेले ए. एस. हॉर्नबी यांनी. ते १९२४ पासून जपानमध्ये शिकवत होते. ई. व्ही. गेटनबी आणि एच. वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. त्यात क्रियापदांचे २५ साचे दिले आणि नामांपुढे 'सी' व 'यू' या खुणा घातल्या.

१८/
मग युद्ध आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान आणि ब्रिटन एकमेकांचे शत्रू झाले. हॉर्नबी स्थानबद्ध झाले आणि पुढल्या वर्षी मायदेशी धाडले गेले. त्याच १९४२ साली टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनगृहाने त्यांचा कोश प्रकाशित केला. शत्रूच्या भाषेचा, शत्रुराष्ट्राच्या माणसांनी रचलेला कोश!

१९/
१९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तोच कोश नव्या नावाने जगापुढे आणला. पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि आपल्याकडील कित्येक घरांत नि ग्रंथालयांत तो पोहोचला. जपानी विद्यार्थ्यांच्या चुकांतून घडलेले ज्ञान असे मराठी विद्यार्थ्याच्या हाती आले.

२०/
या खुणांचे मर्म असे की त्या शब्दाला नव्हे, अर्थाला लागतात. 'पेपर' कागद असेल तर 'यू', वर्तमानपत्र असेल तर 'सी'. 'ग्लास' काच असेल तर 'यू', पेला असेल तर 'सी'. हॉटेलात आपण 'दोन चहा' मागवतो, तसा इंग्रजही 'टू कॉफीज' मागवतो. पेयाचा कप झाला की राशीला कड येते आणि मोजणी सुरू होते.

२१/
म्हणून शिकवताना क्रम उलटा असावा. 'अ' की 'द' हा प्रश्न नंतरचा. आधी विचारावे, या अर्थी हे नाम मोजता येते का? येत असेल आणि एकवचनी असेल, तर ते उघडे राहू शकत नाही. मग दुसरा प्रश्न : कोणते ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे का? राजा 'एक' आहे की 'तो'? सगळे आर्टिकल यात संपत नाही. पण बराच रस्ता येथून दिसतो.

२२/
मुद्दा एवढाच. ज्यांची ती मातृभाषा, त्यांना शतकानुशतके या भेदाची खूण कोशात घालावीशी वाटली नाही. तो भेद डोळ्यांत भरला तो परक्यांना आणि परक्यांना शिकवणाऱ्यांना. पुढच्या वेळी कोणी 'माय हेअर्स' म्हणाले, तर हसण्याआधी आठवावे : अशाच चुका कोणीतरी गांभीर्याने टिपून ठेवल्या, म्हणून आपल्या कोशात ती दोन अक्षरे आहेत.

(समाप्त)