सुल्झर म्हणजे कुठला ‘कर’?

तुर्भे नाक्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याने उत्तरेला निघालं, की कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली मागे टाकत दिघा येतं. तिथे ‘सुल्झर’ या स्विस कंपनीचा पंपांचा कारखाना आहे. मी मसाला मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. पंपांशी माझा संबंध नळाला पाणी येण्यापुरता. पण आडनावांचा नाद जुना. रद्दीच्या ढिगातून वजनावर घेतलेला एक जर्मन कोश घरी होता. कंपनीचं नाव हे मुळात माणसांचं आडनाव असणार असं वाटलं, म्हणून त्या रात्री तो उघडला. ‘सुल्झ’ या शब्दापुढे अर्थ होता : खारं पाणी, खारी जमीन, मीठ निघतं ती जागा.

तो वाचून मी दिवा तसाच ठेवून बसून राहिलो. कारण ज्या किनाऱ्यावर हा कारखाना उभा आहे, तो आगऱ्यांचा. आगर म्हणजे मिठागर. खाऱ्या जमिनीवरून नाव पडलेल्या माणसांची कंपनी हजारो मैलांवरून आली आणि टेकली ती नेमकी खाऱ्या जमिनीवरून नाव पडलेल्या माणसांच्या दारात! योगायोगच आहे, मला कळतं. पण योगायोगाचं मूळ खणू नये असं कुठे लिहिलंय?

आधी उच्चार. इचलकरंजी-भिवंडीकडे याच घराण्याचे माग आले, तेव्हापासून ‘सुल्झर’ हा शब्द मराठी तोंडात आहे. जर्मनीतला माणूस मात्र म्हणेल ‘झुल्चर’. त्यातला झ झाडातला आणि च चमच्यातला. हे दोन्ही उच्चार मराठीला आयते येतात, इंग्रजीवाल्याला समजावताना घाम फुटतो. गंमत अशी, की स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलीत सुरुवातीचा स हा स-च राहतो. म्हणजे आमच्या मागवाल्यांचा ‘सु’ खुद्द कंपनीच्या गावाला धरून आहे. चूक फक्त झ-ची.

जर्मनमध्ये मिठाला म्हणतात ‘झाल्त्स’. सुल्झ हे त्याचंच भावंड. धातूतला स्वर बदलून झालेलं, जसं आपल्याकडे ‘भृत’ आणि ‘भर’. पुढे या शब्दाला पाय फुटले. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या मांसाला तेच नाव मिळालं, आणि आज जर्मनीत ‘झुल्त्स’च्या जवळचा ‘झ्युल्त्स’ मागितला तर ताटात येते मांसाची थरथरती जेली. हाच शब्द फ्रँक लोकांबरोबर फ्रान्समध्ये गेला, तिथून इंग्रजीत ‘साउस’ झाला : खारवणे, भिजवून काढणे, आणि शेवटी दारूत पार बुडालेला माणूस. मिठाचा शब्द दारुड्यापर्यंत पोचला. आपण तरी काय वेगळं केलं? लवण हा मूळ शब्द आपण लोणच्यात, लोणारात आणि ‘अळणी’त (अलवण!) गाडून टाकला आणि रोजच्या वापराला घेतलं ‘मीठ’, जे निघालं मृष्ट-मिष्ट या कुळातून. हिंदीवाल्याचं जे गोड, ते आपलं खारट. मला विचाराल तर यात विसंगती नाही. ज्याने चव येते ते मिष्ट. आणि मिठाशिवाय चव कुठली?

आता खरा वाद. सुल्झ कळलं, शेवटचा ‘अर’ काय?

जर्मन आडनावांच्या कोशांत तीन मतं सापडतात. पहिलं : सुल्झ नावाच्या गावचा तो सुल्झर. दुसरं : मीठ काढणारा तो सुल्झर, म्हणजे धंद्यावरून नाव. तिसरं : मांसाची ती खारी जेली करून विकणारा. व्याकरण तिन्हींना मोकळीक देतं, कारण जर्मनमध्ये ‘अर’ हा प्रत्यय दोन्ही कामं करतो. म्युलर म्हणजे गिरणीवाला, फिशर म्हणजे कोळी. पण बर्लिनर म्हणजे बर्लिनकर आणि वीनर म्हणजे व्हिएन्नाकर. आपल्याकडे सोनार-कुंभार यांतला ‘आर’ वेगळा आणि पुणेकरातला ‘कर’ वेगळा दिसतो, म्हणून भानगड नाही. (कर आणि अर यांचं नातं जोडायचा मोह मलाही झाला. नाही जुळत. सोडून दिलं.)

जेलीवाल्याला मी लगेच बाद करतो. एखाद्या शहरातल्या एखाद्या खाटकाचं नाव तसं पडलं असेल, पण दक्षिण जर्मनी, आल्सास, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड असं पसरलेलं आडनाव एका पदार्थावर उभं राहत नाही. उलट याच टापूत सुल्झ नावाची गावं जागोजाग आहेत : नेकार नदीवरचं सुल्झ, फोरार्लबर्गमधलं सुल्झ, आल्सासमधली फ्रेंच लिपीत ‘सूल्त्स’ झालेली गावं. खाऱ्या झऱ्याला तीच हाक मारली जायची, जसं आपण ठिकठिकाणी ‘खार’ म्हणतो.

राहिला मीठवाला. इथे मला मदत झाली तुर्भे गावातल्या आमच्या शेजारच्या आजींची. माहेर उरणच्या बाजूचं, बापाचं आगर होतं. जर्मनीत जमिनीतून निघणारं खारं पाणी मोठ्या कढयांत ओतून, खाली लाकडं पेटवून आटवत, असं मी त्यांना सांगितलं. त्या हसल्याच. “मीठ काय शिजवतान? मीठ पिकतं!”

आणि मग हाताने हवेत वाफे आखत दाखवलं. उधाणाच्या भरतीला बांधाची उघाडी वर करायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक वेळी पाणी कमी आणि खार जास्त. समुद्राच्या पाण्यात मीठ शेकडा साडेतीन. शेवटच्या वाफ्यात ते इतकं दाट होतं, की उन्हात पाण्यावर साय धरल्यासारखी खड्यांची पापडी दिसायला लागते. ती जड होऊन खाली बसते. मग अनवाणी पायांनी आत उतरून मीठ ओढायचं आणि बांधावर रास घालायची. पायाला चीर असली तर काय होतं, ते सांगताना त्यांनी स्वतःची टाच पुढे केली. पहिल्या पावसाच्या आत सगळं उचललं पाहिजे, नाहीतर पीक परत खाडीत.

मीठ ‘पिकतं’ म्हणणारी आपली भाषा, आणि मीठ ‘शिजवणारी’ त्यांची. हाच धागा मला हवा होता. तिकडे मिठाच्या धंद्यावरून पडलेली आडनावं आहेत, पण त्यांतल्या ठळक नावांत शिजवण्याचं क्रियापद येतं किंवा सरळ मीठ येतं : झीडर म्हणजे आटवणारा, झाल्त्सर म्हणजे मीठवाला. धंद्याला असे रोखठोक शब्द असताना झऱ्याच्या नावावरून धंदा कोण सुचवेल? सुल्झ ही जागा आहे. जागेवरून पडलेलं नाव म्हणजे ‘कर’.

दुसरा पुरावा मला त्याहून पक्का वाटतो, आणि तो इथेच मिळाला. तुर्भ्यात राहणाऱ्याला कोणी तुर्भेकर म्हणत नाही. इथे पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर. तुर्भेकर हे नाव पडतं ते तुर्भे सोडून गेलेल्याला. (आणि तुर्भे तरी कुठलं? खाडीच्या या तीरावर एक, समोरच्या तीरावर दुसरं. पलीकडल्याचं साहेबाने ट्रॉम्बे केलं, म्हणून घोळ टळतो इतकंच.) तसंच मिठाचं. आगरात राबणाऱ्या या घरांची आडनावं पाहा, मीठ कुठेच नाही. सगळेच मीठ पिकवत असतील तर त्यावरून ओळख कशी पटणार? मिठावरून नाव पडलं ते अख्ख्या जातीला, आणि तेही बाहेरच्यांनी पाहिलं म्हणून. तेव्हा सुल्झर म्हणजे सुल्झमध्ये राहिलेला नव्हे. सुल्झ सोडलेला.

कंपनीचं मूळ गाव विंटरथुर. १८३४ साली तिथे सुल्झर बंधूंनी ओतकामाचा कारखाना काढला. त्या वेळी स्वित्झर्लंडचा बराचसा भाग मीठ परदेशातून विकत घेत होता. बाझलजवळ मोठा साठा हाती लागला तो १८३६ मध्ये, कारखाना निघाल्यावर दोन वर्षांनी. मिठाचा दुष्काळ असलेल्या मुलखात मिठाच्या जागेचं आडनाव! हे घराणं बाहेरून आलं, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आणि एका सुल्झरची तर कागदोपत्री नोंदच आहे. सालोमन सुल्झर (१८०४–१८९०), व्हिएन्नातल्या ज्यू प्रार्थनागृहाचा गायक. आवाज असा, की शूबर्टने १८२८ मध्ये त्याच्यासाठी हिब्रू शब्दांना चाल बांधून दिली. या घराण्याचं आधीचं नाव लेवी. अठराव्या शतकात ते फोरार्लबर्गमधल्या सुल्झहून जवळच्या होहेनेम्सला आले, आणि १८१३ मध्ये बव्हेरियाच्या राजवटीत ज्यूंना कायम आडनाव घेण्याची सक्ती झाली तेव्हा त्यांनी सोडलेल्या गावचं नाव लावलं. मिठाशी संबंध शून्य. शुद्ध ‘कर’.

बाकीचे सुल्झर झटपट सांगतो. विल्यम सुल्झर १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला आणि त्याच वर्षी महाभियोग चालवून त्याला काढलं. त्या राज्यात असा दुसरा गव्हर्नर नाही. रुडॉल्फ डिझेल सुल्झर नव्हे, पण १८७९ मध्ये उमेदवारीला होता विंटरथुरच्या याच कारखान्यात. इचलकरंजीच्या मागाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी. १९५३ पासून सुल्झरने जो माग विकायला काढला, त्यात धोटाच नव्हता. आपला लाकडी धोटा पोटात सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळतो. इथे त्याच्या जागी आली बोटाएवढी पोलादी गोळी, वजन चाळीस ग्रॅम. ती सुताचं टोक चिमटीत धरून पलीकडे फेकली जाते आणि खालच्या साखळीवरून निमूट परत येते.

माझा आवडता सुल्झर मात्र योहान गेओर्ग (१७२०–१७७९), तोही विंटरथुरचाच. सौंदर्यशास्त्राचा मोठा पंडित, बर्लिनच्या अकादमीत मानाचा. याने १७५२ च्या सुमारास एक विचित्र गोष्ट लिहून ठेवली : शिशाचा आणि चांदीचा तुकडा एकमेकांना भिडवून जिभेवर धरला, तर हिराकशीसारखी चव लागते, वेगवेगळे धरले तर काहीच लागत नाही. जिभेवरची लाळ, तिच्यातला खार आणि दोन धातू, झाली की विजेची घटमाला तयार! याला ते उमगलं नाही. त्याला वाटलं, धातूंचे कण थरथरतात. व्होल्टाने खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या दोन धातूंमध्ये रचून बॅटरी केली ती १८०० साली. अठ्ठेचाळीस वर्षं आधी खारपाण्याच्या आडनावाचा माणूस तिच्यावर जीभ ठेवून बसला होता.

आता आपल्या बाजूचं देणं. सुल्झचं मूळ काढलं तर आगरचंही काढायला हवं, आणि इथेही भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, आगर आलं ‘आगार’ म्हणजे घर, कोठार यातून. एसटीचं आगार तेच. दुसरा म्हणतो ‘आकर’ म्हणजे खाण यातून, जो रत्नाकरात आहे. मी दुसऱ्या पक्षाचा. आगार हा शब्द जिथे बोलीत झिजला तिथे त्याचा ‘आर’ झाला : कोष्ठागाराचं कोठार, भांडागाराचं भांडार. त्या वाटेने मिठाचं ‘मिठार’ झालं असतं. उलट अर्धमागधीत क-चा ग होतो, लोकचा लोग होतो, तसा आकरचा ‘आगर’ होतो. जैन आगमांतल्या वस्त्यांच्या यादीत गाव आणि नगर यांच्या मध्ये हा आगर खाण या अर्थानेच बसलेला आहे. आणि कौटिल्याने मिठाचा अधिकारी, लवणाध्यक्ष, कुठल्या प्रकरणात घातलाय? खाणींच्या. मीठ शेतातलं असो की खाडीतलं, सरकारी वहीत ते खाणीचं.

यावर रत्नागिरीकर लगेच म्हणतील, आमच्याकडे आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, तिथे कसली खाण? खरं आहे, आणि हा माझ्या मताला बोचणारा काटा आहे. माझं उत्तर असं, की जिथून वर्षानुवर्षं न आटता उत्पन्न निघतं ती खाण, हा अर्थ मिठावरून नारळावर सरकला. उलटा प्रवासही कोणी मांडू शकेल. मांडावा, पण मग अर्धमागधीतल्या आगरचं काय करायचं ते सांगावं.

तुर्भ्याच्या आजींकडून मला वीसेक शब्द मिळाले. वाफ्यांची नावं पायरीपायरीने वेगळी, मीठ ओढायच्या लाकडी अवजाराची वेगळी, पहिल्या आणि शेवटच्या पिकाचीही वेगळी. त्यांतले काही मला नीट ऐकूही आले नाहीत, आणि परत विचारलं तर त्या दुसरंच सांगतात. छापील कोशात मी शोधले ते बहुतेक नाहीत. उरण, पेण, बेलापूर, भांडुप, कुठेही ज्यांच्या घरात आगर होतं, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून हे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. उच्चार जसा कानावर पडेल तसाच लिहावा, शुद्ध करू नये.