मंगळावरून आलेले आणि टास्मानियात उरलेले

जगबुडीच्या कथा मला मनापासून आवडतात. साथ, धूमकेतू, अणुबॉम्ब, काहीही चालतं. आज मात्र एकाच पुस्तकाबद्दल बोलतो: एच. जी. वेल्सचं 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. मंगळावरचे प्राणी इंग्लंडवर चालून येतात, ती गोष्ट. १८९७ साली ती मासिकात क्रमशः आली, १८९८ मध्ये पुस्तक निघालं.

इंग्लंडवर परकी फौज उतरल्याच्या कथा त्याआधीही खपत होत्या. १८७१ ची 'द बॅटल ऑफ डॉर्किंग' त्यातली गाजलेली. तिचा लेखक जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्समधला अधिकारी, १८५७ साली दिल्लीवरच्या हल्ल्यात जखमी झालेला. दुसऱ्याच्या शहरावर चालून गेलेल्या माणसाला आपल्या गावावर कोण येईल याची धास्ती वाटावी, हे मला फार बोलकं वाटतं! पण चेस्नीला सांगायचं होतं एवढंच की, बाबांनो, सैन्याकडे लक्ष द्या.

वेल्स वेगळा. कल्पना मुळात त्याच्या भावाची, फ्रँकची; अर्पणपत्रिकेतच तसं म्हटलंय. दोघं सरे परगण्यात फिरत असताना टास्मानियाचा विषय निघाला होता. आणि पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला सुनावतो: मंगळवाल्यांना निर्दय ठरवण्याआधी आपण टास्मानियातल्या माणसांचं काय केलं ते आठवा, पन्नास वर्षांत त्यांना संपवलं. साम्राज्य ऐन भरात असताना हे लिहायला छाती लागते. ज्या वर्षी ही गोष्ट मासिकात येत होती, त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण तारखा शेजारीशेजारी ठेवून बघा.

पुढे १९३८ साली रेडिओवर हे आक्रमण न्यू जर्सीत झालं, १९५३ च्या सिनेमात कॅलिफोर्नियात. यंत्रं राहिली, टास्मानिया गळाला. वेल्सचा पाद्री संकटात पार कोलमडतो. सिनेमातली माणसं चर्चमध्ये आसरा घेतात. असो.

मला खटकतं ते वेगळंच. वेल्सची टोचणी खरी, पण "संपवलं" हे खरं नव्हतं. १८७६ साली होबार्टमध्ये त्रुगानिनी नावाची बाई वारली आणि 'शेवटची टास्मानियन' म्हणून तिची नोंद झाली. तिचा सांगाडा १९०४ पासून १९४७ पर्यंत तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवला होता. अखेर १९७६ साली दहन करून तिची रक्षा समुद्रात सोडली. शेवटचा माणूस ही या कथांची जुनीच हौस. मेरी शेलीनं तर १८२६ सालीच त्या नावाची कादंबरी लिहिली. पण ज्यांना शेवटचं ठरवलं जातं, त्यांच्या मागे राहिलेल्यांचं काय? 'तुम्ही तर उरलेलाच नाहीत,' असं ऐकत जमीन मागायची कशी?

आणि उरले होते. बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर टास्मानियन बायका आणि सील मारणारे गोरे यांची कुटुंबं होती, त्यांचे वंशज आजही आहेत. १९९५ च्या कायद्यानं थोडी जमीन त्यांच्याकडे परत आली. त्या बायका चिमुकल्या सागरी शंखांच्या माळा ओवायच्या. आईकडून लेकीकडे आलेलं ते काम मध्ये कधी थांबलंच नाही. अजूनही चालू आहे.