फाटकाबाहेरची माणसे

मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आजारपण हे मजुराचे नशीब नव्हे, ती समाजाची जबाबदारी आहे, हे कायद्याने मान्य केले.

पण हा विमा कारखान्याच्या फाटकाशीच थांबला. शेतमजूर, कचरा वेचणारी बाई, बिगारी बाहेरच राहिले. फाटकाबाहेर कोणी राहायचे, हे बहुतांशी जातीने आधीच ठरविले होते.

माझी आत्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई. २००५ मध्ये तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. तिच्याजवळ ना हजेरीपट होता, ना विम्याचे कार्ड. शेळ्या विकून मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसरी झाली नाही.

२०१२ मध्ये महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर कॅन्सरचे उपचार होऊ लागले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव दिले गेले. ही मजल लहान नाही. तरीही विमा मुख्यतः रुग्णालयाच्या खाटेपासून सुरू होतो. आत्याचा खर्च एस.टी.च्या तिकिटापासून आणि बुडालेल्या रोजापासून सुरू झाला होता. गावाजवळ तपासणी आणि बुडालेल्या रोजाची भरपाई हेही विम्यातच आले पाहिजे. कारखान्यातल्या कामगाराला आजारपणाचा भत्ता १९४८ च्या कायद्यानेच दिला. मग शेतमजुरालाच तो का नाही?